कुंपण : सरडमाणसांच्या वाळवंटी पेठेविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोलापुरात दर रविवारी दुपारी आमच्या घरी फाशांचा खेळ बसतो. एक टेबल, एक नकाशा, एकेक पात्र घेऊन खेळणारे पाच-सहा खेळाडू आणि गेम मास्टर, म्हणजे गोष्ट सांगत खेळ चालवणारा, म्हणून मी. या खेळातलं जग मी रचलेलं आहे आणि त्यातली सगळ्यात गजबजलेली जागा म्हणजे कुंपण. नवा खेळाडू आला की तेच प्रश्न पुन्हा येतात आणि पहिला तास त्यातच जातो. म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय. खेळायला येण्याआधी वाचून या.

कुंपण म्हणजे नक्की काय?

वाळवंटाच्या मधोमध सरडमाणसांनी बांधलेली तटबंदीची व्यापारी पेठ. तीन तांड्यांच्या वाटा तिथे एकत्र येतात. उत्तरेकडून मीठ येतं, पूर्वेकडून कापड आणि दक्षिणेच्या डोंगरांतून तांबं आणि धूप. वस्ती तीन हजारांची. बाजाराच्या दिवसांत बाहेरची माणसं धरून ती दुप्पट होते. राजा नाही, राजवाडा नाही. किल्ला आहे, पण तो आहे बाजार आणि पाण्याची टाकी राखायला.

असलं कसलं नाव?

‘सरड्याची धाव कुंपणापर्यंत’ म्हणून बाहेरचे तांडेवाले त्यांना चिडवायचे. सरडमाणसांनी मनावर घेतलं नाही, उलट तेच नाव वेशीवर कोरलं. त्यांचं म्हणणं, ‘आमची धाव कुंपणापर्यंतच, पण तुमच्या सगळ्यांची धावही इथपर्यंतच येते ना?’

सरडमाणसं म्हणजे हिरव्या कातडीची माणसंच ना?

नाही. आणि हा मुद्दा नीट कळला नाही तर पुढचं काहीच कळणार नाही.

आपलं शरीर आतून ऊब तयार करतं आणि आपण जेवतो त्यातला मोठा वाटा त्या शेगडीतच जळतो. सरड्याच्या अंगात ती शेगडी नाही. तो ऊब बाहेरून घेतो, उन्हातून, तापल्या दगडातून. बहुतेक वाळवंटी सरडे ऊन-सावलीची ये-जा करून अंगाचं तापमान 35 ते 40 अंशांच्या आसपास राखतात. त्याखाली गेले की मंदावतात आणि फार वर गेले तर मरतात. ‘वाळवंटातले आहेत म्हणजे भर दुपारी ताकदवान’ असा हिशेब बरेच खेळाडू करतात, तो चूक आहे. उन्हाळ्यात दुपारी वाळूचा पृष्ठभाग 60 अंशांच्याही वर जातो. त्या वेळी कुंपणातलं एकही सरडमाणूस तुम्हाला उघड्यावर दिसणार नाही. मे महिन्यात दुपारी एक ते चार आपली सोलापूरची नवी पेठ कशी ओस पडते, तसंच.

म्हणजे कुंपणाचं घड्याळ अंगावर चालतं. पहाटे सगळे गारठलेले असतात, बोलणंसुद्धा जड. दिवस कासराभर वर आला की जीभ सैल होते. सौदे, भांडणं, लग्नं, न्यायनिवाडे हे सगळं सकाळच्या दुसऱ्या प्रहरात आणि संध्याकाळी. पहाटे दिलेला शब्द त्यांच्या कायद्यात शब्द धरत नाहीत. गारठलेल्याची साक्ष नाही.

सगळी सरडमाणसं सारखीच असतात का?

तीन कुळं आहेत. घोरपड-कुळातले लांब पल्ल्याचे चालणारे, ओझी वाहणारे आणि अंगाने दांडगे. पाल-कुळातले रात्री जागणारे. सांडा-कुळातले पाला खाणारे, जाड काटेरी शेपटीचे आणि दरवाजे राखणारे. थरच्या वाळवंटातला खरा सांडा बिळात तोंड आत करून बसतो आणि शेपटीने दार बंद करतो. दरवाजाचं काम सांडा-कुळाकडे द्यायची कल्पना मला तिथूनच मिळाली. वेशीतल्या देवडीत सांडे पाठ करून बसलेले दिसतील. तो अपमान समजू नका, ते काम करताहेत.

पाण्याचं काय बे?

हा प्रश्न सोलापूरकर खेळाडू पहिल्या दहा मिनिटांत विचारतो. पुण्याहून आलेले पाहुणे आधी तलवारींचे भाव विचारतात. नळाला पाणी कुठल्या दिवशी येणार याचा हिशेब ठेवत वाढलेल्या माणसाला वाळवंटातल्या गावाचं मर्म बरोबर सापडतं.

कुंपण दोन काळ्या टेकड्यांमध्ये आहे आणि त्या टेकड्यांमधून एक कोरडी नदी जाते. वर्षातून दोन-तीनदाच तिला लोंढा येतो, तोही काही तासांचा. सरडमाणसांनी टेकडीपासून टेकडीपर्यंत एक भिंत घातली आहे. तीच धरण आणि तीच दक्षिणेकडची तटबंदी. ही कल्पना नळदुर्गहून उचलली आहे, लपवत नाही. तिथे बोरी नदीवरच्या बंधाऱ्याने किल्ल्याचे दोन भाग जोडलेत आणि त्या बंधाऱ्याच्या पोटातच पाणीमहाल आहे, दुसऱ्या इब्राहिम आदिलशाहाच्या काळात, 1613 मध्ये बांधलेला. पावसाळ्यात नर आणि मादी हे दोन धबधबे भिंतीवरून कोसळत असतात आणि तुम्ही आत कोरडे उभे असता. लहानपणी शाळेच्या सहलीत ते पाहिलं, तेव्हापासून डोक्यातून गेलं नाही. कुंपणाच्या धरणातही तशीच एक खोली आहे. तिथे काय आहे ते इथे सांगणार नाही.

लोंढ्याचं पाणी धरणामागे फार दिवस ठेवत नाहीत, उन्हाने उडून जातं. गाळ बसला की ते खडकात खोदलेल्या, वरून झाकलेल्या टाक्यांत सोडतात. धरणामागे राहिलेल्या ओल्या गाळात शेती होते. जैसलमेरकडे खडीन म्हणतात ती हीच रीत. खडकात पन्हळी आणि टाकी खोदून वाळवंटात अख्खं शहर वसवण्याचं काम जॉर्डनमधल्या पेट्राच्या नबाती लोकांनी दोन हजार वर्षांपूर्वी करून दाखवलंय, त्यामुळे ‘हे अशक्य आहे’ म्हणून वाद घालू नका.

शिवाय सरडमाणसांना पाणी लागतंच कमी. घरातल्या भिंतीवर पालीची विष्ठा पाहिली असेल, काळ्या कांडीला पांढरं टोक. ते पांढरं टोक म्हणजे तिची लघवी. यूरिक अॅसिड घट्ट करून टाकलं की पाणी अंगातच राहतं. म्हणून कुंपणात मोऱ्या आणि गटारं नाहीत. पांढऱ्या खड्यांचे ढीग आहेत, ते मळ्यात खत म्हणून जातात आणि त्यांचाही लिलाव होतो. काहींच्या खवल्यांमध्ये बारीक चरे असतात. दवावर नुसतं उभं राहिलं की ओल त्या चऱ्यांतून आपोआप तोंडाच्या कोपऱ्यापर्यंत चढते. ऑस्ट्रेलियातला काटेरी सरडा पाणी असंच पितो, मी फक्त त्याला दोन पायांवर उभं केलं.

तट घोरपडीसारखा चढून जाता येईल का?

पोवाड्यातली यशवंती आठवून दर दुसरा खेळाडू हे विचारतो. पण ज्यांच्या घरातलं शेंबडं पोरही भिंतीवर चढतं त्यांनी तट कसा बांधला असेल, याचा जरा विचार करा. त्यांना माणसांची भीती कधीच नव्हती. भीती होती ती दुसऱ्या वस्त्यांमधल्या सरडमाणसांची.

खालचा दोन पुरुष उंचीचा भाग काळ्या दगडाचा आहे. त्याच्या वर तीन हात रुंदीचा पट्टा घोटीव चुन्याचा, काचेसारखा. तिथे घोरपड-कुळाची नखं घसरतात. पण पाल-कुळ काचेवरही चालतं, त्यांच्या बोटांवरच्या अतिसूक्ष्म केसांना नखांची गरजच नसते. म्हणून त्याच्या वर आणखी एक पट्टा आहे, नुसत्या भुसभुशीत चुन्याचा, दरवर्षी नव्याने फासलेला. पाल घट्ट चिकटते, पण ती ज्याला चिकटते तेच सुटून येतं. खाली खंदक आहे आणि खंदकात पाणी नाही (पाणी असं वाया घालवतील होय?), मऊ वाळू आहे. पडलेला मरत नाही, पण त्या वाळूवर रोज सकाळी झाडू मारून नक्षी काढतात. पावलांचे ठसे लगेच दिसतात.

मुख्य दरवाजा गोमुखी आहे, म्हणजे दोन बुरुजांच्या आड वळून आत जाणारा, त्यामुळे हत्ती किंवा ओंडका धावत आणून धडक देता येत नाही. तोंड पूर्वेकडे. याचं कारण पुढच्या उत्तरात.

रात्री सगळे गारठतात, मग रात्रीच हल्ला केला तर?

खरं सांगतो, दर नव्या गटाची ही पहिली योजना असते आणि ती सांगताना सगळ्यांच्या चेहऱ्यावर आपण फार हुशार असल्याचा भाव असतो. आतापर्यंत चार गटांनी हा प्रयत्न केलाय. तीन गट वाळूत पडले. चौथ्याने दरवाजा ओलांडला, त्यांची गोष्ट नंतर.

सोलापुरात मे महिन्यात स्लॅबच्या घरात राहिलेल्याने तरी ही चूक करू नये. संध्याकाळी गच्चीवर बादल्या ओतल्या तरी मध्यरात्रीपर्यंत भिंतीला हात लावला की चटका बसतो, कारण दिवसभर प्यालेलं ऊन भिंत रात्री सोडत असते. कुंपणाचा तट सात हात जाड आहे, काळ्या दगडाचा, आणि आतल्या बाजूने त्यात कोनाडे आहेत. प्रत्येक पहारेकरी कोनाड्यात पाठ टेकून बसतो. तट हीच त्यांची शेकोटी, धूर नसलेली. मध्यरात्रीनंतर दगड निवू लागतो, तेव्हा पहारा पाल-कुळाकडे जातो. बहुतेक पाली निशाचरच असतात आणि गार हवेत इतरांपेक्षा बऱ्या चालतात.

खरी फट आहे ती पहाटेची. दगड निवलेला, पाली थकलेल्या आणि सूर्य अजून यायचाय. पूर्वेचा दरवाजा आणि त्याच्या आतल्या पायऱ्या यासाठीच आहेत. पहिलं ऊन तिथे पडतं. त्या पायऱ्यांवर कोणी कुठे बसायचं हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं आहे. सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेत सात नंदीध्वजांचा मान कसा ठरलेला असतो, तसाच हा पहिल्या उन्हाचा मान. आधी पहारेकरी तापतात, मग दरवाजेवाले, मग व्यापारी. मानाच्या पायरीवर चुकून बसलात तर तो दरोड्यापेक्षा मोठा गुन्हा आहे. चौथा गट पहाटे आत घुसला आणि धापा टाकत नेमका त्याच पायऱ्यांवर जाऊन बसला. पुढचे तीन रविवार त्यांचा खटला चालला.

वेढा घालून उपाशी मारता येईल?

तुमचं सैन्य आधी उपाशी मरेल. आतली शेगडी नसल्याने सरड्याला तेवढ्याच वजनाच्या सस्तन प्राण्याच्या साधारण दहावा हिस्सा अन्न पुरतं. तीन हजारांच्या कुंपणाचं कोठार म्हणजे आपल्या मापाने तीनशे माणसांचं कोठार. वेढ्यात ते करतात एवढंच की कामं थांबवून सावलीत पडून राहतात. मग तर त्याहूनही कमी लागतं.

बाजारात काय मिळतं?

मीठ, तांबं, धूप, चामडं, सुकवलेले टोळ, कापड. मिठाच्या लाद्या असतात, विटांसारख्या. एकाने हे हसण्यावारी नेलं होतं, त्याच्यासाठी सांगतो: सहारातल्या तघाझा गावात घरंच मिठाच्या लाद्यांची होती, वर उंटाच्या कातड्याचं छप्पर. 1352 मध्ये इब्न बतूता तिथे गेला होता, त्याने लिहून ठेवलंय.

मालवाहू उंट माणसांचे असतात. एक उंट दीड-दोनशे किलो घेऊन दिवसाला तीस-चाळीस किलोमीटर चालतो, त्यावरून नकाशातले मुक्काम मोजा. हत्यारं कुंपणात विकत नाहीत. पुन्हा पुन्हा विचारू नका.

सौदा कसा करायचा?

जनावरांच्या बाजारात व्यापारी रुमालाखाली हात धरून बोटांनी भाव सांगतात, ते पाहिलं असेल तर अर्धं काम झालं. कुंपणातही सौदा कापडाखालीच होतो, पण कारण वेगळं आहे. सरडमाणसाच्या गळ्याची कातडी मनाबरोबर रंग बदलते. लोभ सुटला की केशरी, भीती वाटली की राखी. म्हणून अडत्ये गळ्याभोवती शेला गुंडाळूनच गादीवर बसतात. उघड्या गळ्याने सौदा करायला येणारा एकतर अत्यंत प्रामाणिक किंवा अत्यंत मूर्ख, आणि दोघांनाही दर सारखाच लागतो.

आणखी एक. मान खालीवर हलवू नका. बागेतला सरडा दगडावर बसून मान हलवतो, जोर काढतो, ते ‘हो’ नसतं. ‘ही जागा माझी आहे’ असं तो बजावत असतो. आमच्या टेबलावरच्या एका सज्जन खेळाडूने अडत्याचं बोलणं ऐकत सवयीने हूं-हूं करत मान डोलावली आणि त्याच्या गादीवरच हक्क सांगून बसला. द्वंद्व झालं.

दलाली शेकडा दोन. तोलाई आणि हमाली वेगळी. कांद्याची पट्टी, म्हणजे विक्रीच्या हिशेबाचा कागद, हातात घेऊन मार्केट यार्डातून परतलेल्या कुणालाही तोलाई-हमालीची कपात ओळखीची वाटेल.

सरडमाणसांना चादरी कशाला हव्यात?

हा मला सगळ्यात आवडणारा प्रश्न, कारण सोलापूरचं पोरगं असून मीच आधी यात फसलो होतो. पहिल्या मसुद्यात मी लिहिलं होतं की पहाटे गारठलेली सरडमाणसं चादरी पांघरून ऊब घेतात. टेबलावरच्या एका बाईंनी, त्या जीवशास्त्र शिकवतात, मला तिथेच थांबवलं.

चादर ऊब देत नाही, आहे ती राखते. आपल्याला चादरीत ऊब वाटते कारण आत शेगडी आहे. गारठलेल्या सरड्यावर पहाटे चादर टाकली तर तो गारच राहील, उलट ऊन अंगाला लागायचं थांबेल. म्हणजे चादर हवी संध्याकाळी, अंग तापलेलं असताना. दिवस मावळायच्या आत कुंपणात भोंगा वाजतो आणि सगळे भराभर चादरी गुंडाळून घेतात. अंगातलं ऊन मग दोन प्रहर टिकतं. पूर्वेच्या कापडाला तिथे एवढा भाव आहे तो यामुळे. दुहेरी विणीची जाड चादर दिली तर तांब्याच्या चार विटा मिळतात. आजारी सरडमाणसावर पहाटे दयेने चादर टाकाल तर ते तुम्हाला मारेकरी समजतील. हे एकदा झालंय.

राज्य कोण चालवतं?

वरवर पाहता पायऱ्यांचे मानकरी. खरी सत्ता उबवणी-घराच्या रखवालदारांकडे.

अंडी सगळ्या गावाची एकत्र, वाळूच्या खोल्यांत ठेवलेली असतात. अनेक सरपटणाऱ्या प्राण्यांत पिल्लू नर होणार की मादी हे अंड्याच्या तापमानावर ठरतं. मगरींत तसं आहे, लेपर्ड गेको या पालीतही. म्हणजे कुठल्या खोलीत किती ऊन सोडायचं हे ज्याच्या हातात, त्याच्या हातात पुढची पिढी. झरोके उघडणाऱ्या आणि बंद करणाऱ्या चार म्हाताऱ्या आहेत. त्या कुठल्याही सभेला जात नाहीत, सभा त्यांच्याकडे येते. माझ्या मते कुंपणातलं सगळ्यात चांगलं कथानक इथे आहे आणि आजवर एकाही गटाने त्या दाराची कडी वाजवलेली नाही. सगळे कोठाराकडे धावतात.

शेपूट तोडून पळता येतं का?

पाल-कुळाला येतं, बाकीच्यांना नाही. परत उगवते ती मूळची नव्हे, आत हाडाऐवजी कूर्चा असते. चरबीचा साठा शेपटीत असतो, त्यामुळे तोडणारा पुढचे कित्येक आठवडे भुकेला आणि अशक्त. बाजारात अशांना उधारी मिळत नाही.

तेलाबद्दल विचारू का?

नको. रस्त्याकडेला सांड्याचं तेल म्हणून बाटल्या विकतात, त्यासाठी थरमधल्या त्या निरुपद्रवी, पाला खाणाऱ्या जिवाचं काय करतात ते कळल्यावर मला जेवण गेलं नव्हतं. सांडा आणि घोरपड दोघांनाही 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. कुंपणाच्या वेशीत हा विषय काढणाऱ्याला सांडे दरवाजा उघडत नाहीत, आणि टेबलावर काढणाऱ्याला मी चहा देत नाही.

हे जैसलमेरच आहे ना, वेगळ्या नावाचं?

थोडं आहे. पण त्याहून जास्त तेर आहे. धाराशिव जिल्ह्यातलं तेर म्हणजे जुनं तगर. इथलं कापड गाड्यांत भरून भडोचच्या बंदरावर जायचं असं पहिल्या शतकातल्या ग्रीक खलाशाच्या ‘पेरिप्लस’मध्ये नोंदलंय. तिथल्या लामतुरे वस्तुसंग्रहालयात एकदा तासभर काढा. आज शांत असलेल्या त्या गावात रोमशी व्यापार व्हायचा, हे तिथल्या काचेपलीकडच्या वस्तू बघितल्यावर पटतं. आणि थोडा आपला सोलापूरचा भुईकोट किल्लाही आहे. एका अंगाला सिद्धेश्वर तलाव असलेला तो दुहेरी तट रोज बसमधून दिसतो, कुणी मान वळवत नाही.

सरडमाणूस म्हणून खेळता येईल का?

येईल. पात्राच्या कागदावर एक जादा रकाना असेल, ‘ऊन’ नावाचा. सकाळी भरायचा, दिवसभर खर्च करायचा. संपला की तुमची पाळी शेवटी. पहिल्या दिवशी सगळे कुरकुरतात.

खेळायला येताना काय आणायचं?

पेन्सिल, स्वतःचे फासे, पाण्याची बाटली. खायला शेंगा चटणी आणि कडक भाकरी चालेल, फक्त हात पुसल्याशिवाय नकाशाला बोट लावू नका. मागे एकाच्या तेलकट बोटाने दक्षिणेचा बुरूज लालभडक झाला. पुढच्या रविवारी आलेल्या नव्या गटाने तो डाग पाहून तिथे रक्तपात झाला असणार असं ठरवलं आणि दोन तास त्याचाच तपास केला. पुसून पाहिलं, जात नाही. आता त्याचं नाव लाल बुरूज आहे.